ग्राहक हाच प्रचारक : बंगळुरूतील हस्तकला व्यवसायांपुढील संधी आणि पेच

मोठ्या उद्योगांना जाहिरातीसाठी कोट्यवधी रुपयांची तरतूद करता येते. हाताने वस्तू घडविणाऱ्या लहान व्यावसायिकाला ते शक्य नसते. त्याच्याजवळ भांडवल असते ते समाधानी ग्राहकाच्या शब्दाचे. हा शब्द अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचावा यासाठी ग्राहकांनाच प्रचारक बनविण्याचे प्रयत्न बंगळुरू आणि परिसरात गेल्या काही वर्षांपासून होत आहेत. या मार्गाने कारागिराला खरोखर बाजारपेठ मिळते का, आणि शिफारशीसाठी मोबदला दिला जाऊ लागला की तिची विश्वासार्हता टिकते का, हे दोन प्रश्न त्यातून पुढे आले आहेत.

या दोन जगांतील अंतर कर्नाटकातच स्पष्टपणे दिसते. मे २०२५ मध्ये राज्य सरकारच्या मालकीच्या ‘कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स’ या कंपनीने म्हैसूर सँडल साबणाच्या प्रसिद्धीसाठी अभिनेत्री तमन्ना भाटिया यांची दोन वर्षांकरिता ६ कोटी २० लाख रुपयांना नियुक्ती केली. स्थानिक कलावंतांना डावलल्याच्या तक्रारीवरून या निर्णयावर वाद झाला, तर अन्य राज्यांतील बाजारपेठ काबीज करण्यासाठी ही नियुक्ती आवश्यक असल्याचे समर्थन सरकारतर्फे करण्यात आले. याच राज्यात, बंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टण येथील लाकडी खेळण्यांचा एखादा कारखाना अशा रकमेची कल्पनाही करू शकत नाही. मात्र साबणाइतकेच त्याच्या खेळण्यालाही भौगोलिक मानांकन आहे आणि ग्राहकाच्या घरातील जागेसाठी त्यालाही स्पर्धा करावी लागते.

परंपरेतील प्रसार

ग्राहकाने वस्तूचा प्रसार करणे ही कल्पना नवीन नाही. कर्नाटकात नवरात्रात घरोघरी ‘गोंबे हब्ब’ म्हणजे बाहुल्यांचा उत्सव साजरा होतो. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर बाहुल्या सजविल्या जातात आणि शेजारीपाजारी, आप्तेष्ट त्या पाहण्यासाठी येतात. विवाहाच्या वेळी मुलीला राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी देण्याची आणि पुढे दरवर्षी संग्रहात नवी भर घालण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. चन्नपट्टणच्या आणि उत्तर कर्नाटकातील किन्नाळच्या कारागिरांसाठी हे घरगुती प्रदर्शन पिढ्यान्‌पिढ्या विनाखर्च जाहिरात ठरले आहे. ‘ही बाहुली कोठून आणली?’ हा पाहुण्याचा प्रश्न आणि त्याला यजमानीणबाईंनी दिलेले उत्तर एवढ्यावर कारागिराचे पुढील वर्षाचे काम ठरत असे.

महाराष्ट्रातही अशी व्यवस्था होती आणि काही प्रमाणात ती आजही आहे. चैत्रगौरीची आरास, संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटले जाणारे वाण, दिवाळीत मुलांनी बांधलेल्या किल्ल्यावरील मातीचे मावळे या सर्व निमित्तांनी कारागिराची वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जात असे आणि वस्तूबरोबर घडविणाऱ्याचा पत्ताही पोहोचत असे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी व फळे कोकणाबाहेर माहीत झाली, त्यात सुटीवरून परतणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानाचा वाटा मोठा होता. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशा आशयाची म्हण मराठीत आहे. कारागीर बहुधा न बोलणाऱ्यांपैकी असतो. त्याच्या वतीने ग्राहक बोलत असे, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय.

संशोधनानेही या अनुभवाला दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एलिहू कात्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरेदीविषयीच्या निर्णयांवर माध्यमांपेक्षा परिचित व्यक्तींचा प्रभाव अधिक असल्याचे निरीक्षण मांडले होते. नील्सन या संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या जागतिक पाहणीत ८८ टक्के लोकांनी इतर कोणत्याही माध्यमापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शिफारशीवर अधिक विश्वास असल्याचे सांगितले. मधल्या साडेसहा दशकांत दूरचित्रवाणी, संगणक आणि मोबाइल आले, तरी विश्वासाचा हा क्रम बदलला नाही.

चन्नपट्टणचा अनुभव

चन्नपट्टण तालुका ज्या रामनगर जिल्ह्यात होता, त्याचे नाव ‘बंगळुरू दक्षिण’ असे बदलण्याचा निर्णय कर्नाटक मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. येथील खेळणी प्रामुख्याने काळ्या कुड्याच्या हलक्या, पांढऱ्या लाकडापासून बनतात. लाकूड वाळवून चरकावर फिरवले जाते आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि त्यानंतर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. हळद, नीळ अशा वनस्पतिजन्य रंगांचा वापर हे या खेळण्यांचे वैशिष्ट्य मानले जाते. टिपू सुलतानाने इराणी कारागिरांना येथे आणले आणि त्यांच्याकडून स्थानिक लोक ही कला शिकले, अशी परंपरागत धारणा आहे. २००५-०६ या वर्षात या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

मानांकनाने नाव सुरक्षित झाले, परंतु विक्री आपोआप वाढली नाही. चीनमधून येणाऱ्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांशी असलेली स्पर्धा कायम राहिली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. हा नियम जसाच्या तसा लागू झाला असता, तर तपासणीचा खर्च न पेलणारे लहान कारागीरच प्रथम अडचणीत आले असते. त्यामुळे हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धारक व अधिकृत वापरकर्ते यांना डिसेंबर २०२० मध्ये त्यातून सूट देण्यात आली.

याच काळात चन्नपट्टणला मोठी प्रसिद्धी लाभली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’ या कार्यक्रमात देशातील खेळण्यांच्या केंद्रांचा उल्लेख करताना चन्नपट्टणचे नाव घेतले. त्याआधी मे २०२० मध्ये त्यांनी स्थानिक वस्तूंचा अभिमानाने पुरस्कार करण्याचे आवाहन केले होते. ते आवाहन केवळ खरेदीचे नव्हते. वस्तू विकत घ्या आणि तिचा प्रचारही करा, अशी दुहेरी अपेक्षा त्यात होती. ग्राहकाकडे प्रचारक म्हणून पाहण्याच्या कल्पनेला त्यामुळे राष्ट्रीय धोरणात स्थान मिळाले.

राष्ट्रीय पातळीवरील उल्लेखाचा परिणाम तात्कालिक असतो. एका भाषणानंतर चौकशा वाढतात. त्यांचे नियमित मागणीत रूपांतर होण्यासाठी मात्र ज्याने पहिले खेळणे घेतले त्याने दुसऱ्याला सांगावे लागते. बंगळुरूतील वाढदिवस, गृहप्रवेश आणि विवाह समारंभांत पाहुण्यांना परतभेट देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पन्नास पाहुण्यांना दिलेली पन्नास लाकडी खेळणी म्हणजे पन्नास घरांत पोहोचलेली ओळख होय. हळदीकुंकवाच्या वाणाचेच हे नागर रूप म्हणता येईल. अशा भेटीसोबत कारागिराचे नाव आणि संपर्काची चिठ्ठी असेल तर ती ओळख कारागिराची होते. नसेल तर ती फार तर दुकानाची होते. चन्नपट्टणच्या रस्त्यालगतच्या दुकानांत एकमेकांसारखी दिसणारी खेळणी शेजारी शेजारी मांडलेली असतात. ती कोणी घडवली हे ग्राहकाला कळण्याची सोय तेथे क्वचितच असते.

आठवडी बाजारापासून मोबाइलपर्यंत

बंगळुरूमध्ये कारागीर आणि ग्राहक यांची थेट भेट घडविणारे उपक्रम कमी नाहीत. कन्नड भाषेत आठवडी बाजाराला ‘संते’ म्हणतात. कर्नाटक चित्रकला परिषद दरवर्षी जानेवारीत कुमार कृपा मार्गावर ‘चित्र संते’ भरवते आणि त्या दिवशी संपूर्ण रस्ताच चित्रांचा बाजार होतो. बसवनगुडीतील ‘कडलेकाई परिषे’ ही कार्तिकातील भुईमुगाच्या शेंगांची जत्रा शेतकऱ्यांबरोबरच लहान विक्रेत्यांचीही असते. राज्य हस्तशिल्प विकास महामंडळाचे महात्मा गांधी मार्गावरील ‘कावेरी’ हे विक्रीकेंद्र पर्यटकांच्या परिचयाचे आहे. पुण्यातील भीमथडी जत्रा किंवा मुंबईतील महालक्ष्मी सरस प्रदर्शन यांच्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकांना या बाजारांचे स्वरूप सहज लक्षात येईल. येथे ग्राहक वस्तू हाताळतो, घडविणाऱ्याशी बोलतो आणि घरी जाताना सांगण्यासारखे काहीतरी बरोबर घेऊन जातो. शिफारशीचा उगम या संभाषणातच होतो.

दुसरीकडे, ग्राहकाच्या ओळखीपाळखीवर उभा राहिलेला देशातील सर्वांत मोठा व्यवसाय याच शहरात जन्माला आला. २०१५ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या ‘मीशो’ या कंपनीने आरंभीच्या काळात व्हॉट्सॲपवरून परिचितांना वस्तूंची छायाचित्रे पाठवून विक्री करणाऱ्या व्यक्तींचे जाळे विणले. त्यांत गृहिणींची संख्या लक्षणीय होती. कंपनीने पुढे थेट विक्रीवर भर दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. शेजारणीने शेजारणीला सांगणे याचे मूल्य किती असू शकते, हे या प्रवासाने दाखवून दिले. मात्र या जाळ्यातून प्रामुख्याने स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर तयार होणारा माल विकला गेला. ओळखीचे बळ हे वस्तूच्या गुणवत्तेशी बांधलेले नसते. ते जो अधिक संघटितपणे वापरील त्याचे होते, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

बंगळुरूच्याच ‘फ्लिपकार्ट’ने २०१९ मध्ये कारागिरांसाठी ‘समर्थ’ हा उपक्रम सुरू केला. सरकारच्या पुढाकाराने उभारलेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या डिजिटल व्यापार जाळ्याची सार्वजनिक चाचणी सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्री करणाऱ्या, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उलाढालीच्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या सक्तीच्या नोंदणीतून सवलत मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक हस्तकला वस्तूंवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. बाजारात प्रवेश करणे यामुळे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे, यात शंका नाही.

तथापि, परक्या मंचावर उभारलेली ओळख किती क्षणभंगुर असते याचा धडाही या काळाने दिला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ‘टिकटॉक’सह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली, तेव्हा त्यावर जमविलेले सर्व अनुयायी लहान विक्रेत्यांनी एका दिवसात गमावले. हस्तनिर्मित वस्तूंसाठीच २००५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील ‘एट्सी’ या संकेतस्थळाने विक्रीवरील शुल्क ५ टक्क्यांवरून साडेसहा टक्के केले, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला. शुल्कवाढ मात्र कायम राहिली. ग्राहकाचा शब्द कारागिराच्या वहीत नोंदलेला असेल तर तो त्याचा. अन्यथा तो मंचाच्या मालकीचा होतो.

प्रसिद्धीचा लाभ कोणाला?

ग्राहकांनी केलेल्या प्रचाराचे सामर्थ्य ऑक्टोबर २०२० मध्ये बंगळुरूने अनुभवले. शहराच्या दक्षिण भागात रस्त्याकडेला रोपे विकणाऱ्या एका वृद्ध विक्रेत्याविषयीचा मजकूर समाजमाध्यमांवर प्रसृत झाला. चित्रपट कलावंतांनीही तो पुढे पाठविला आणि काही तासांतच त्यांच्याकडे ग्राहकांची रीघ लागली. सावलीसाठी छत्री, बसायला खुर्ची, मांडणीला टेबल अशी मदतही पोहोचली. त्याच महिन्यात दिल्लीतील एका लहान खाद्यविक्रेत्याच्या बाबतीत असेच घडले होते. तेथे मात्र पुढे देणगीच्या रकमेवरून वाद होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. दोन्ही घटनांत लोकांचा हेतू चांगला होता. परंतु सहानुभूतीतून आलेली गर्दी आणि वस्तूच्या गुणवत्तेमुळे परत येणारा ग्राहक यांत फरक आहे. पहिली ओसरते, दुसरा टिकतो.

महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांशी निगडित असलेले कोल्हापुरी चपलांचे प्रकरण या संदर्भात अधिक बोलके आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील ‘प्राडा’ या कंपनीने मिलान येथील फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांशी साधर्म्य असलेली पादत्राणे सादर केली. त्या वेळी भारताचा उल्लेख करण्यात आला नव्हता. सामान्य भारतीय नागरिकांनी, म्हणजेच या चपला वर्षानुवर्षे वापरणाऱ्या ग्राहकांनी, समाजमाध्यमांवरून त्याला आक्षेप घेतला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि काही दिवसांतच या पादत्राणांमागील प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये कंपनीच्या पथकाने कोल्हापूरला भेट दिली.

या चपलांना कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी संयुक्त भौगोलिक मानांकन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये या प्रकरणातील जनहित याचिका फेटाळताना मानांकनाचे नोंदणीकृत धारकच दाद मागू शकतात, असे स्पष्ट केले. हे धारक म्हणजे महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि बंगळुरूत मुख्यालय असलेले कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन्ही महामंडळांशी प्राडाने करार केला आणि सुमारे २,००० जोड भारतात तयार करून प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याची योजना जाहीर झाली.

एकही रुपया खर्च न करता कोल्हापुरी चपलांना मिळालेली ही जागतिक प्रसिद्धी कोणत्याही जाहिरात मोहिमेला मिळाली नसती. परंतु ग्राहकांचा आवाज जेथे थांबला, तेथून पुढे काम केले ते मानांकनाने आणि ते धारण करणाऱ्या संस्थांनी. मागे संस्था नसती तर संताप काही दिवसांत विरून गेला असता. प्रचाराला संघटनेची जोड असेल तरच त्याचे रूपांतर कराराच्या कागदात होते, हा या घटनेचा मुख्य निष्कर्ष आहे. त्या जोडाच्या किमतीतील किती वाटा चामडे कमावणाऱ्या, कापणाऱ्या आणि वेणी गुंफणाऱ्या हातांना मिळतो, यावर या प्रसिद्धीचे खरे मोजमाप अवलंबून राहील.

शिफारस आणि मोबदला

ग्राहकाने आपणहून बोलावे ही अपेक्षा रास्त असली, तरी व्यवहारात त्याला प्रोत्साहन द्यावे लागते. नवा ग्राहक आणल्यास पुढील खरेदीवर सवलत, छायाचित्र प्रसिद्ध केल्यास लहानशी भेट अशा योजना लहान व्यावसायिकही राबवितात. येथे कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याअंतर्गत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादक आणि पुरस्कर्ता यांना १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील प्रभावशाली व्यक्तींसाठी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, विनामूल्य वस्तू, सवलत, प्रवास किंवा पुरस्कार यांपैकी काहीही स्वीकारले असल्यास ते सोप्या भाषेत आणि ठळकपणे जाहीर करणे त्यानुसार बंधनकारक आहे. ज्याच्या शब्दाचा श्रोत्यांच्या खरेदीवर प्रभाव पडतो, अशा व्यक्तींना उद्देशून या सूचना आहेत. हजारो अनुयायी असलेल्या एखाद्या ग्राहकाला खेळण्यांचा संच विनामूल्य पाठवून त्याच्याकडून स्तुतिपर मजकूर लिहून घेणाऱ्या कारागिरालाही त्यांची दखल घ्यावी लागेल. ‘आम्ही लहान आहोत’ हा कायद्यापुढील बचाव ठरू शकत नाही.

ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक जाहीर केले. त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले असले, तरी विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत ही त्यातील भूमिका स्पष्ट आहे. अमेरिकेतही खोट्या आणि अनुकूल मताच्या अटीवर खरेदी केलेल्या अभिप्रायांना मनाई करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. एका ग्राहकाने दुसरा, दुसऱ्याने तिसरा आणावा आणि प्रत्येक पायरीवर वरच्याला पैसे मिळावेत, अशी साखळी उभी राहिली तर प्रश्न अधिक गंभीर होतो. डिसेंबर २०२१ मधील थेट विक्रीविषयक नियमांनी अशा पिरॅमिड योजनांना मज्जाव केला आहे आणि पैशाच्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे.

कायद्याहूनही मोठा धोका विश्वासाचा आहे. मैत्रिणीने सुचविलेली वस्तू घेताना ग्राहक चौकशी करीत नाही, कारण सुचविणारीचा त्यात स्वार्थ नसतो असे तो गृहीत धरतो. तिला टक्केवारी मिळते हे कळले की पुढील प्रत्येक शिफारशीकडे तो संशयाने पाहू लागतो. मोठी कंपनी हा तोटा दुसऱ्या जाहिरातीने भरून काढू शकते. लहान कारागिराजवळ एकच भांडवल असते आणि ते अशा रीतीने खर्ची पडले तर पुन्हा मिळत नाही. मोबदला द्यायचाच असेल तर तो उघड असावा आणि शिफारस करणाऱ्याइतकाच लाभ नव्या ग्राहकालाही मिळावा, हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरू शकतो.

ग्राहकाला बोलते कसे करावे?

अनुभवाअंती काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. पहिली म्हणजे ग्राहकाला सांगण्यासारखे काही हवे. ‘हे हाताने केले आहे’ एवढे सांगणे आता पुरेसे नाही, कारण यंत्रावर तयार झालेल्या वस्तूंवरही तसा शिक्का मारला जातो. हे लाकूड कोणते, हा पिवळा रंग कशाचा, ही वस्तू घडवायला किती वेळ लागला, ही माहिती वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर मराठी, कन्नड, हिंदी अशा ग्राहकाच्या भाषेत असेल, तर भेट मिळालेल्या माणसालाही ती सांगता येते. भौगोलिक मानांकनाचे बोधचिन्ह वापरण्याचा अधिकार असलेल्या कारागिरांनी ते अवश्य वापरावे.

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे घेतानाच अभिप्राय मागितला तर ग्राहक औपचारिक दोन शब्द लिहितो. मूल खेळण्यात रमले आहे, घरी आलेल्या पाहुण्याने वस्तूची चौकशी केली आहे, अशा वेळी केलेली विनंती फळाला येते. त्यासाठी खरेदीनंतर काही दिवसांनी पाठविलेला साधा संदेश उपयोगी पडतो. मात्र ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीनेच नोंदवावा आणि नको म्हटल्यास काढून टाकावा. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ग्राहकाच्या मुलाचे खेळण्यासह छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची परवानगी घेणे हे कायद्याइतकेच सौजन्याचेही आहे.

तिसरी गोष्ट तक्रारीची. चाक निसटलेले खेळणे विनातक्रार बदलून देणाऱ्या दुकानाविषयी ग्राहक जितक्या आपुलकीने बोलतो, तितका तो निर्दोष वस्तूविषयीही बोलत नाही. दुरुस्ती हे हस्तकलेचे बलस्थान आहे. कारखान्यातील प्लास्टिकची वस्तू फेकून द्यावी लागते, लाकडी वस्तू पुन्हा चरकावर चढविता येते.

चौथी आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित गोष्ट क्षमतेची आहे. महिन्याला दोनशे वस्तू करणाऱ्या कारागिराकडे एका चित्रफितीमुळे दोन हजारांची मागणी आली, तर त्याच्यापुढे तीनच पर्याय उरतात : उशीर करणे, दर्जा घटविणे किंवा बाहेरून माल आणून आपल्या नावाने विकणे. तिन्ही मार्गांनी शिफारस करणाऱ्या ग्राहकाचाच शब्द खोटा पडतो. आगाऊ रक्कम घेऊन नोंदणी करणे आणि प्रतीक्षेचा कालावधी प्रामाणिकपणे सांगणे हा यावरील उपाय आहे. पैठणीसाठी महिनोन्‌महिने थांबणारा ग्राहक महाराष्ट्राला नवा नाही. प्रतीक्षेलाही प्रतिष्ठा असते, हे खेळण्यांच्या आणि चपलांच्या ग्राहकालाही समजावता येईल.

पुढील वाट

या क्षमतेसाठी शासनाचे साहाय्य महत्त्वाचे ठरते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत बाहुल्या व खेळणी बनविणारे आणि चर्मकार हे दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य तसेच ५ टक्के व्याजाने, तारणाविना पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी त्यात तरतूद आहे. वाढीव मागणी आली असता लाकूड, लाख आणि मजुरी यांसाठी हाती पैसा असणे आवश्यक असते. असे भांडवल नसेल तर ग्राहकांनी मिळवून दिलेली मागणी सावकाराच्या किंवा मध्यस्थाच्या पथ्यावर पडते.

ग्राहकांच्या बाजूनेही एक जबाबदारी येते. दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे नाव सांगून थांबण्याऐवजी वस्तू कोणी आणि कोठे घडविली हे विचारण्याची व सांगण्याची सवय लागली, तर प्रसिद्धी योग्य हातांपर्यंत पोहोचेल. घासाघीस करून मिळविलेल्या कमी किमतीची जाहिरात करणे हे कारागिराच्या हिताचे नसते. पुढचा ग्राहक त्याच किमतीचा आग्रह धरून येतो आणि प्रत्येक शिफारशीबरोबर मजुरी घटत जाते.

चन्नपट्टण असो, कोल्हापूर असो वा सावंतवाडी, या कलांपुढील खरा प्रश्न पुढील पिढीचा आहे. चरकावर बसणाऱ्या तरुणाला बंगळुरूतील नोकरीइतके उत्पन्न मिळाले नाही, तर कितीही प्रसिद्धी झाली तरी काही वर्षांनी शिफारस करण्याजोगी वस्तूच उरणार नाही. ग्राहकाच्या प्रामाणिक शब्दाने मागणी वाढते, मागणीतून रास्त किंमत मिळाली तर हात टिकतात, आणि हात टिकले तरच तो शब्द पुढेही खरा राहतो. ही साखळी अखंड ठेवण्याची जबाबदारी कारागीर, ग्राहक आणि शासन या तिघांवरही आहे.